माडीवरची न्याहारी आणि खालचा बाजार

मालवणच्या बाजारपेठेत सकाळी साडेसातच्या सुमारास आम्ही एका साध्या हॉटेलात न्याहारीसाठी थांबलो. ‘हॉटेल’ हा शब्द इथे तळकोकणातल्या अर्थाने घ्यायचा. राहण्याची सोय नाही. चार बाकडी, एक गल्ला, भिंतीवर कॅलेंडर आणि आत चहाचे पातेले. या हॉटेलाला एक अरुंद लाकडी जिना होता आणि वर माडीवर दोन टेबले. खिडकीशी बसले की खालचा बाजार सरळ दिसे. बांगड्याच्या आणि तारल्यांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बाया, लाल भाजीच्या जुड्या, नारळांचे ढीग, खाजाचे दुकान, पावाच्या लाद्या सायकलवरून उतरवणारा बेकरीचा पोरगा, आणि या सगळ्यांतून वाट काढणारी एखादी रिक्षा.

हॉटेलवाल्याने वर येऊन विचारले, ‘‘काय व्हया?’’ आम्ही घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ सांगितली. बशी ठेवता ठेवता त्याने दुसरा प्रश्न केला, ‘‘खंयचे तुमी?’’ आम्ही गावाचे नाव सांगितले. त्याचे समाधान झाले नाही, म्हणून आडनावही सांगितले. क्षणभर थांबून तो म्हणाला, ‘‘म्हंजे बांद्याक तुमचे कोण पावणे आसत काय?’’ आडनाव ऐकताच आमचा धर्म त्याला कळला होता. पण त्याने धर्माचे नाव न घेता नात्यागोत्याचे गाव विचारले. आम्ही ‘आहेत’ म्हटले. त्याने तिथल्या एका दुकानाची खूण सांगितली, आम्ही दुसऱ्या दुकानाची सांगितली, ओळख पटली आणि तो पाव आणायला खाली गेला.

एवढाच प्रसंग. त्यात कथानक नाही, संघर्ष नाही, ऐक्याचा संदेशही नाही. परंतु उसळ खाता खाता एक प्रश्न मनात आला आणि तो गेला नाही. कोकणावर मराठीत एवढे लिहिले गेले, मुस्लिम मराठी लेखकांनीही गेल्या काही दशकांत निष्ठेने लिहिले. मग ही सकाळ, म्हणजे बाजारातल्या हॉटेलात स्वतःच्या पैशाने उसळ-पाव खाणारा एक मुसलमान माणूस, आमच्या वाचनात इतका क्वचित का आला?

खिडकीपासून सुरुवात करू. माडीवरून बाजार पाहणे ही एक लेखनदृष्टीच आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला आणि १९९७ साली त्याला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित करण्यात आले. तेव्हापासून या किनाऱ्यावरच्या लेखांचा एक साचा तयार झाला. सकाळी १६६४ साली बांधायला घेतलेला किल्ला, दुपारी सुरमईचे ताट आणि सोलकढी, संध्याकाळी तारकर्लीची वाळू. ‘मालवणी’ हा शब्द बोलीचा होता, माणसांचा होता. तो पाटीवरचा, मसाल्याच्या पाकिटावरचा शब्द झाला. अशा लेखांत बाजार येतो, पण तो चित्रासारखा. कोळणीच्या साडीचा रंग लेखकाला दिसतो. पहाटेच्या लिलावात तिने टोपली किती महाग उचलली आणि ती विकली नाही तर संध्याकाळी बर्फाचे पैसे कोण भरणार, हे दिसत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा याच टोपल्यांच्या जागी काय असते, हेही पावसाळ्यात न येणाऱ्या लेखकाला ठाऊक नसते. माडीवर बसणाऱ्याला चित्र मिळते. खालच्या बाकड्यावर बसणाऱ्याला भाव कळतो, आणि भावाबरोबर माणसेही कळतात.

कोकणच्या चांगल्या मराठी साहित्याने मात्र बाकडे ओळखले होते. मालवणपासून बरेच उत्तरेला, दापोलीकडच्या मुलखात घडणारी श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ (१९५२) आठवावी. गावाने नाके मुरडलेली राधा ही हॉटेलवाल्याची बायको आहे, आणि गावाच्या नीतिअनीतीचा हिशेब देवळाइतकाच त्या चहाच्या हॉटेलाभोवतीही होतो. पेंडशांना हे नेमके कळले होते की, कोकणातल्या खेड्यात जातपात न विचारता माणसे एकत्र टेकू शकतील अशी नवी जागा चहाच्या दुकानाने निर्माण केली, आणि म्हणूनच गावाला त्या जागेची भीती वाटली.

आता सिंधुदुर्गात परत येऊ. मालवणहून कुडाळ फार दूर नाही. तिथे चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजेच कवी आरती प्रभू, खानावळ चालवत होते. १९५९ साली ‘जोगवा’ घेऊन आलेला हा कवी त्याआधी लोकांची ताटे मोजत होता, ही गोष्ट आम्हाला नुसती चरित्रातली नोंद वाटत नाही. खानावळवाल्याला माणसे भुकेच्या वेळी दिसतात. कोण मुकाट जेवतो, कोण उधारी ठेवतो, कोण कोणाच्या शेजारी बसायला नकार देतो, हे त्याच्या इतके कोणाला कळणार? खानोलकरांच्या ‘रात्र काळी, घागर काळी’ (१९६२) किंवा ‘कोंडुरा’ (१९६६) या कादंबऱ्या देव, शाप, वासना आणि काळोख यांच्याकडे गेल्या. त्यांची प्रतिभा तिकडची होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण कुडाळच्या त्या खानावळीतून बाजाराची एखादी कादंबरी उठली असती, तर तळकोकणाच्या साहित्याचा नकाशा किती वेगळा झाला असता, असे मनात येतेच.

जयवंत दळवी मात्र बाजाराच्या उंचीवर बसून लिहीत. वेंगुर्ल्याजवळचे आरवली हे त्यांचे गाव. ‘सारे प्रवासी घडीचे’ १९६४ साली आले आणि गावच्या नमुनेदार माणसांनी मराठी वाचकाला हसवता हसवता हळवे केले. त्या पुस्तकाचे मोठेपण विनोदात आहेच. त्याहून ते एका परवानगीत आहे. गावातल्या कोणत्याही बारीकसारीक, विक्षिप्त, निरुद्योगी माणसाला त्याने साहित्यात बसण्याची परवानगी दिली. तो माणूस काही सिद्ध करत नाही. तो कोणत्या समाजाचा प्रतिनिधी नाही. तो फक्त आहे, आणि तेवढे पुरते.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६५ साली, आणखी एका कोकणी माणसाची कादंबरी आली. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांची ‘इंधन’. मुंबईला राहणारा निवेदक बऱ्याच वर्षांनी गावी परततो आणि जमीन, जात, धर्म यांच्या साचलेल्या असंतोषाने गाव पेटताना पाहतो. मराठी कादंबरीत कोकणी मुसलमानाचे घर आतून उघडले ते प्रथम या पुस्तकाने, असे म्हणायला हरकत नाही. दळवी आणि दलवाई, दोन्ही आडनावांच्या मुळाशी ‘दळ’ म्हणजे सैन्याची तुकडी आहे. एकाच कोकणाने दिलेले हे दोन लेखक. दोघेही पोटासाठी मुंबईत आले, दोघांनीही मराठीत लिहिले, दोघांच्या पुस्तकांत जेमतेम एका वर्षाचे अंतर. एकाच्या वाट्याला ‘प्रवासी’ आले, दुसऱ्याच्या वाट्याला ‘इंधन’.

ही तुलना आम्ही दलवाईंना कमी लेखण्यासाठी करत नाही. त्यांच्या सामाजिक भूमिकेशी या पानांवरचे अनेक लेखक सहमत नव्हते, आजही नाहीत. पण त्यांच्या कादंबरीचा प्रामाणिकपणा नाकारता येत नाही. प्रश्न त्यांच्यापुढचा आहे. पेटलेल्या गावाचे चित्र आपल्याकडे आले. मग पेटण्याआधीच्या तीनशे पासष्ट सकाळी कोणी लिहिल्या? दळवींच्या आरवलीला आळशी माणूस, खादाड माणूस, थापाड्या माणूस मिळाला. आपल्या खारेपाटणला, बांद्याला, मिरजोळीला तो का मिळाला नाही? आपल्यात थापाडे कमी आहेत म्हणून नक्कीच नव्हे.

याचे उत्तर शोधताना दोष केवळ बाहेरच्यांवर टाकून चालणार नाही. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्या चळवळीपुढचे काम स्पष्ट होते. आम्ही मराठी आहोत, मराठीत लिहितो, आमचे प्रश्न आम्हीच मांडू. हे सांगणे गरजेचे होते. दोनच वर्षांनी, १९९२च्या डिसेंबरात आणि १९९३च्या जानेवारीत जे घडले, त्यानंतर तर कवितेला दुसरा विषयच उरला नाही. जळलेले घर, संशयाची नजर, भाड्याने न मिळणारी खोली, शाळेत मुलाला विचारलेला प्रश्न. हे सर्व खरे होते आणि ते लिहिलेच पाहिजे होते. परंतु हळूहळू एक सवय जडली. आपले लेखन कायम कोणाला तरी उत्तर देत राहिले. एका बाजूला देशनिष्ठेचा दाखला, दुसऱ्या बाजूला मौलवींवर टीका. एका बाजूला ‘आम्हीही इथलेच’, दुसऱ्या बाजूला ‘आमच्यावर अन्याय होतो’. या अंकांत येणाऱ्या कथा आणि कविता प्रेमाने वाचणारे आम्ही हे सांगत आहोत. अनेकदा पहिल्या परिच्छेदातच कळते की या कथेतला मुसलमान दोन पानांनी घायाळ होणार किंवा थोर ठरणार. त्याने मधल्या वेळेत काय खाल्ले, हे क्वचितच कळते.

एक लेखनप्रकार तर दोन्ही बाजूंनी लोकप्रिय आहे, तो म्हणजे शिरखुर्म्याचा लेख. ईदच्या दिवशी मित्र घरी येतो, वाटी रिकामी करतो आणि लेखक ऐक्याबद्दल दोन वाक्ये लिहितो. या लेखांमागची भावना खोटी नसते. पण त्यात वर्षातला एकच दिवस असतो, आणि त्या दिवशी आपण यजमान असतो, म्हणजे आपल्याला नीटनेटके राहावे लागते. बाजारातल्या हॉटेलात मात्र आपण यजमान नसतो आणि पाहुणेही नसतो. आपण गिऱ्हाईक असतो. चहा पांचट झाला तर तक्रार करतो, सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालतो, शेजारच्या टेबलावरचे वर्तमानपत्र न विचारता ओढतो. समाजात माणूस मुरल्याची खूण हीच. साहित्याने ती टिपायला हवी होती.

त्या दिवशीची आमच्या बशीतली उसळच घ्या. काळ्या वाटाण्याची उसळ ही मालवणी हॉटेलांत सकाळी हमखास मिळते. आता विचार करा, त्या बाकड्यावर कोण कोण बसते. सोमवार पाळणारा असतो, त्याला त्या दिवशी मासे चालत नाहीत. श्रावण पाळणारा असतो, त्याचा महिनाच बंद. आणि आपल्यापैकी कोणी असतो, तो मटणाच्या बाबतीत जबिहाचा विचार करतो, म्हणून परक्या हॉटेलात सहसा मांस मागत नाही. ज्याच्या त्याच्या पाळण्याची कारणे निराळी, पण भिजवून, वाटण लावून शिजवलेला काळा वाटाणा सगळ्यांना चालतो. तेव्हा त्या बशीवर सगळे भेटतात, ते बंधने मोडून नव्हे, आपापली बंधने पाळूनच. सलोख्याची भाषणे ऐकून कान किटलेल्या वाचकाला ही गोष्ट जास्त पटेल, असे आम्हाला वाटते. कारण यात कोणी कोणावर उपकार केलेला नाही. हॉटेलवाल्याला धंदा करायचा आहे, गिऱ्हाइकाला पोट भरायचे आहे. पिढ्यान्‌पिढ्या चाललेला शेजार अशा रोखीच्या व्यवहारांवर उभा असतो.

इथे दलित साहित्याकडून शिकण्यासारखे आहे. दया पवारांच्या ‘बलुतं’ने (१९७८) मराठी वाचकाला हादरवले, ते अन्यायाच्या वर्णनाने तर खरेच, पण त्यातल्या खाण्यापिण्याच्या, वाळवलेल्या मांसाच्या, उकिरड्याच्या आणि बाजाराच्या तपशिलानेही. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहिले आणि मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या चुलीवरचे पदार्थ त्यांच्या कृतींसह मांडले. पुस्तकाच्या नावातच केवढा वाद भरला आहे पाहा. त्यांनी कोणाची परवानगी मागितली नाही, माफीही मागितली नाही. आपल्या सांदणांवर, तांदळाच्या भाकरीवर, रोज्याच्या महिन्यात अस्रनंतर बाजारात हळूहळू वाढणाऱ्या गर्दीवर असे निवांत, बिनधास्त पुस्तक कोकणातल्या एखाद्या मुलीने लिहावे, अशी आमची फार इच्छा आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. घरे पाडली जात असताना न्याहारीवर काय लिहायचे? हा आक्षेप मालवणच्या बाबतीत तर फारच जवळचा आहे. २३ फेब्रुवारी २०२५ रोजी भारत-पाकिस्तान क्रिकेट सामना झाला. त्यावेळी देशविरोधी घोषणा दिल्याच्या तक्रारीवरून मालवणात एका मुस्लिम भंगारविक्रेत्याच्या कुटुंबावर कारवाई झाली आणि दुसऱ्याच दिवशी, २४ फेब्रुवारीला, अनधिकृत ठरवून त्यांचे दुकान नगरपरिषदेने पाडले. अशा पाडकामापूर्वी नोटीस आणि मुदत दिली पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला होता. त्या निकालाचा अवमान झाल्याच्या याचिकेवर मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने नोटीस काढली. निवाडा करणे न्यायालयाचे काम. आम्हाला साहित्याच्या बाजूने एकच गोष्ट विचारायची आहे.

ती बातमी महाराष्ट्रभर वाचली गेली. ती वाचताना नागपूरच्या किंवा नाशिकच्या वाचकाच्या मनात मालवणच्या मुसलमानाचे कोणते चित्र होते? किल्ल्याचे चित्र होते, सुरमईचे होते, ‘वस्त्रहरण’ पाहिलेले असेल तर मालवणी बोलणाऱ्या गावकऱ्यांचेही होते. भंगार तोलणारा, सकाळी हॉटेलात चहा पिणारा, मालवणीत भावाची घासाघीस करणारा मुसलमान त्याच्या मनात आधीपासून बसलेला नव्हता. रिकाम्या जागेवर बातमीने जे चित्र लावले, तेच लागले. साहित्याने आधी माणूस दाखवला असता, तर बातमी वाचणारा निदान क्षणभर थबकला असता, असे आम्हाला प्रामाणिकपणे वाटते. दुकान वाचले असते असा आमचा दावा नाही. कादंबरी बुलडोझर अडवत नाही. पण पाडले गेले ते कोणाचे दुकान होते, हे कळण्याची सोय ती करून ठेवते. म्हणून न्याहारीवर लिहिणे ही चैन आहे, हे आम्हाला मान्य नाही. जखमेवर लिहायचेच, पण ज्या अंगावर जखम झाली ते अंग वाचकाला आधी ठाऊक हवे.

तळकोकणातल्या नव्या लेखनाकडे पाहिले तर वाट बंद नाही. सावंतवाडीच्या प्रवीण बांदेकरांनी ‘चाळेगत’मध्ये (२००९) बदलता तळकोकण धाडसाने मांडला, त्यांच्या ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ला २०२२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पर्यटनाच्या पाटीमागचा सिंधुदुर्ग तिथलेच लेखक आता लिहीत आहेत. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने मालवणीला रंगभूमीवर मान मिळवून दिला, त्यालाही आता चार दशकांहून अधिक काळ लोटला. या बोलीवर आपलाही हक्क आहे. आपल्या घरातली बोली, तिच्यातले उर्दू-फारसी शब्द, आयाबायांच्या तोंडची तिची लय अजून पुरेशी कागदावर उतरलेली नाही. ‘खंयचे तुमी?’ या प्रश्नाला आपल्या आजीने जे उत्तर दिले असते, ते तिच्याच शब्दांत कोणी लिहिले, तर पन्नास भाषणांचे काम होईल.

तरुण लेखकांकडे आमचे मागणे मोठे नाही. पुढच्या अंकासाठी लिहायला बसाल, तेव्हा एकदा माडीवरून खाली या. आपल्या गावच्या बाजारात कोणत्या हॉटेलात आपले लोक बसतात आणि कोणत्या बसत नाहीत, का बसत नाहीत, उधारीच्या वहीत कोणाचे नाव आहे, रोज्याच्या महिन्यात हॉटेलवाला आपल्याला हाक मारायचे टाळतो की मुद्दाम मारतो, बाया त्या हॉटेलात बसू शकतात का, हे लिहा. शेवटचा प्रश्न तर आपण स्वतःलाच विचारायचा आहे. आम्ही बसलो होतो तेवढ्या तासाभरात त्या माडीवर आपल्या घरातली एकही बाई आली नाही. टोपली घेऊन बसणारी कोळीण चहा प्यायला वर आली, दोन शाळामास्तरणी आल्या. आपल्या बाया खाली पिशवी घेऊन भाजीच्या भावाची चौकशी करत होत्या आणि तशाच घरी गेल्या. हेही लिहिले पाहिजे, आणि ते कोणाला उत्तर म्हणून नव्हे.

उसळ संपली. चहा झाला. आम्ही जिना उतरून गल्ल्याशी आलो. हॉटेलवाल्याने हिशेब केला, सुटे दिले आणि बांद्याच्या त्या दुकानदाराला नमस्कार सांगायला सांगितले. आम्ही ‘सांगतो’ म्हटले. बाहेर उन्हे चढली होती, मासळीचा भाव उतरू लागला होता, आणि कालपर्यंत आम्हीही ज्याच्यावर कधी एक ओळ लिहिली नव्हती, त्या बाजारातून आम्ही एस. टी. स्टँडकडे चालू लागलो.